इमारतींचा हिशेब कोणी ठेवायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मी सभागृहात शिरतानाच पाहिले. ‘मोठ्या इमारतींच्या मालकांना ऊर्जावापराचा हिशेब ठेवण्यास व तो सादर करण्यास साहाय्य’! चहाच्या वेळी एका तरुण मित्राने मला स्पष्टच विचारले, “सर, मालकांचे हिशेब लिहायला त्यांचे मुनीम आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत. ते काम आपण का अंगावर घ्यायचे?” प्रश्न रास्त आहे, आणि आज मी जे बोलणार आहे ते सर्व या एका प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे.

माझे उत्तर थोडक्यात असे, की ज्या गोष्टीचा हिशेब मालकापाशीही नाही, त्या गोष्टीवर समाजाचे नियंत्रण येऊ शकत नाही. आपण नफ्यावर बोलतो, कारण ताळेबंद असतो. वेतनावर बोलतो, कारण हजेरीपट असतो. दादाभाईंनी १८६७-६८ या सालासाठी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वर्षाला वीस रुपये काढले, ते सरकारच्याच अहवालांतील आकडे एकत्र करून. त्या एका आकड्याने जे काम केले ते शंभर आवेशपूर्ण भाषणांनी झाले नसते. परंतु त्या आकड्याला आधी कोणीतरी नोंदवलेले पीकपाणी, मीठ, अफू यांचे तपशील लागले. नोंदच नसती तर दादाभाई काय करणार होते?

मोठ्या इमारतीच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे. वीस मजल्यांची कचेऱ्यांची इमारत वर्षाला किती वीज, किती गॅस, किती डिझेल खाते, हे मालकाला ठाऊक असेल असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः बहुतेक ठिकाणी ते कोणालाच ठाऊक नसते. जिन्यातील दिवे, उद्वाहक, पंप यांचे बिल मालकाकडे येते. प्रत्येक भाडेकरूचे बिल त्याच्या त्याच्याकडे जाते. बॉयलरच्या तेलाची पावती व्यवस्थापकाच्या खणात पडते. बेरीज कोठेच होत नाही. मुंबईच्या उपनगरांत तर एकाच मजल्यावरील दोन शेजाऱ्यांची बिले दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून येऊ शकतात. ज्या इमारतीत एकूण वापराचा आकडाच नाही, तिला ‘कमी वापर’ असे सांगणे म्हणजे तापमापकावाचून ताप उतरवायला सांगणे.

या प्रश्नाची सर्वांत धडधडीत उकल ज्या शहराने केली ते शहर समाजवादी नाही. ते भांडवलशाहीची राजधानी म्हणवणारे न्यूयॉर्क आहे. तेथे २००९ साली महापौर ब्लूमबर्ग यांच्या कारकीर्दीत, म्हणजे एका अब्जाधीशाच्या कारकीर्दीत, स्थानिक कायदा क्रमांक ८४ झाला. पन्नास हजार चौरस फुटांहून मोठ्या प्रत्येक इमारतीने दर वर्षी एक मेपर्यंत आपल्या मागील वर्षाच्या ऊर्जेचा व पाण्याचा हिशेब शहराला द्यावा, असा तो कायदा. (तारीख एक मे आहे हे ऐकून आपण हसलात. तो निव्वळ योगायोग असावा.) २०१६ साली ही मर्यादा पंचवीस हजार चौरस फुटांवर आणली गेली. हिशेब केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने बनविलेल्या एका ठरावीक संगणकीय वहीत भरावयाचा. ती वही त्या इमारतीची तिच्याच जातीच्या इतर इमारतींशी तुलना करते, कामाचे तास आणि माणसांची संख्या हिशेबात घेते आणि एक ते शंभर यांमध्ये गुण देते. पन्नास गुण म्हणजे मधली इमारत; पंचाहत्तर वा अधिक म्हणजे उत्तम. याला तिकडे ‘बेंचमार्किंग’ म्हणतात. आपण तुलनामापन म्हणू.

आणि हे आकडे शहर दर वर्षी इमारतीच्या पत्त्यानिशी जाहीर करते. माझ्या मते सारा कायदा या एका कलमात आहे.

पहिल्याच जाहीर आकड्यांनी मोठी गंमत केली. सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटर ही २००६ साली उघडलेली काचेची इमारत. तिला पर्यावरणस्नेही म्हणून सुवर्णपदकाचे प्रमाणपत्र मिळालेले. तिला गुण पडले ७४, म्हणजे उत्तमाच्या रेषेला एक गुण कमी. उलट १९३१ सालची म्हातारी एम्पायर स्टेट बिल्डिंग, जिच्या साडेसहा हजार खिडक्या नुकत्याच दुरुस्त केल्या होत्या, तिला ८०. तिच्याहून एका वर्षाने मोठी क्रायस्लर बिल्डिंग ८४. आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आधुनिकतेचे तीर्थक्षेत्र म्हणून जी दाखविली जाते, त्या सीग्रॅम बिल्डिंगला किती? तीन. शंभरपैकी तीन! इमारत बांधताना काय मनात होते आणि ती प्रत्यक्षात काय जाळते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुलनामापनाचा पहिला उपयोग हा, की प्रमाणपत्राची झूल अंगावर असताना आतला बैल दिसू लागतो.

आता मालकांना मदत करण्याचा मुद्दा. कायदा झाला तेव्हा तक्रारी तुंबळ आल्या. त्यांतील काही ढोंगी होत्या, पण एक खरी होती. मालक म्हणे, माझ्या इमारतीत साठ भाडेकरू. प्रत्येकाचे मीटर वेगळे. त्यांची बिले मला वीजकंपनी देणार नाही आणि भाडेकरूही देणार नाहीत. मी बेरीज कशाची करू? यावर उपाय निघाला तो साधा आहे. वीजकंपनीने एकेका भाडेकरूचे बिल उघड करावयाचे नाही. इमारतीतील सर्व मीटरांची बेरीज करून एकच आकडा द्यावयाचा. भाडेकरूची खाजगी बाब झाकलेली राहते आणि इमारतीची सार्वजनिक बाब उघडी होते. आरंभी कंपनी त्यासाठी प्रत्येक इमारतीमागे शंभर डॉलरांहून थोडे अधिक शुल्क घेई. पुढे हा आकडा थेट त्या वहीत जाण्याची सोय झाली. शहराने आपल्या सार्वजनिक विद्यापीठाच्या साहाय्याने एक मदतकेंद्रही उघडले. कोणता रकाना कसा भरावयाचा, तळघर धरावयाचे की नाही, असले प्रश्न तेथे दूरध्वनीवरून विचारता येत.

हे मदतकेंद्र मला महत्त्वाचे वाटते, आणि त्याचे कारण मालकांविषयीचा कळवळा हे नाही. सार्वजनिक मदत नसेल तेथे सल्लागार येतो. बड्या मालकाला सल्लागार परवडतो. त्याचे शुल्क तो भाड्यात मिळवतो. सहकारी गृहसंस्थेच्या निवृत्त खजिनदाराला तो परवडत नाही. मग कायदा मोठ्यांना केवळ एक खर्च होतो आणि लहानांना जाच होतो. आणि लहानांचा जाच पुढे करून मोठे लोक कायदाच मोडीत काढावयास निघतात. हे आपण भाडेनियंत्रणापासून कारखाना-तपासणीपर्यंत किती वेळा पाहिले आहे! मदत ही कायद्याची दुसरी बाजू आहे. ज्याला मदत देऊ केली, त्याला ‘मला जमले नाही’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी मुलीकडे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात होतो. तिच्या इमारतीच्या दाराशी काचेच्या चौकटीत एक कागद लावलेला: ‘डी’, आणि खाली गुणांचा आकडा. २०२० पासून तेथे मोठ्या इमारतींना आपली श्रेणी दाराशी लावावी लागते. ८५ च्या पुढे ‘ए’, ७० च्या पुढे ‘बी’, ५५ च्या पुढे ‘सी’, त्याखाली ‘डी’. आणि ज्याने हिशेबच दिला नाही त्याला ‘एफ’, म्हणजे नापास. खाणावळींना स्वच्छतेची श्रेणी लावण्याची प्रथा तेथे आधीपासून होतीच. इमारतीची देखभाल करणारा एक मध्यमवयीन गृहस्थ होता, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मी त्याला त्या कागदाविषयी विचारले. तो म्हणाला, वरच्या मजल्यावरचे लोक भर थंडीत खिडक्या उघड्या टाकतात, इतकी वाफ वर जाते. खालच्या मजल्यावरची म्हातारी माणसे स्वेटर घालून बसतात. बॉयलर सर्वांना एकच. “मी हे कित्येक वर्षे सांगत होतो. ‘डी’ लागल्यावर मालकाच्या माणसाने प्रथमच बॉयलरचे कागद मागितले.”

हे वाक्य ऐकून मला आमच्या पुण्यातील सोसायटीची आठवण झाली. निवृत्तीनंतर गृहसंस्थेचे खजिनदारपद माझ्या गळ्यात पडले, कारण मी अर्थशास्त्र शिकवले होते; जणू केन्स वाचलेल्या माणसाला पाणीपट्टी अधिक समजते! चौसष्ट सदनिका. सामाईक मीटरची बिले एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. वहीत नोंद होती ती रुपयांची, युनिटांची नाही. मी तीन वर्षांची युनिटे काढून एका आलेखपत्रावर मांडली. एका पावसाळ्यापासून रेघ जी चढली ती उतरलेलीच नाही. समितीत चर्चा झाली: दर वाढले असतील, उद्वाहक जुना झाला असेल. दर वाढल्याने रुपये वाढतात, युनिटे वाढत नाहीत, हे समजावण्यात एक बैठक गेली. शेवटी रखवालदार म्हणाला, “साहेब, रात्री गच्चीवरून मागच्या बाजूला पाणी पडतंय. टाकीचा फ्लोट गेलाय. मी मागच्या सेक्रेटरीसाहेबांना दोनदा सांगितलं होतं.” पंप रात्रभर चालत होता आणि पाणी नळीवाटे गटारात जात होते. फ्लोट बदलावयास किरकोळ खर्च आला. दोन वर्षे ज्याला कारण ठाऊक होते त्याला समितीत खुर्ची नव्हती, आणि ज्यांना खुर्ची होती त्यांच्यापाशी युनिटांची नोंद नव्हती.

तेव्हा कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऊर्जेचा हिशेब म्हणजे केवळ अभियंत्यांचा कागद नव्हे. बॉयलरवाला, पंपचालक, विजेचा मिस्त्री, रखवालदार यांच्या ज्ञानाला प्रथमच साक्षीदार मिळतो. अहवालावर मालकाची सही असते तशी या माणसांपैकी एकाची सही का नसावी?

आता थोडे अप्रिय बोलतो. आकडे खोटे बोलू शकतात, आणि सर्वांत सोपे खोटे छेदात बोलता येते. वापराचा आकडा चौरस फुटांनी भागावयाचा असतो. आपल्याकडे या चौरस फुटांचे किती अवतार आहेत हे घर घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: कार्पेट, बिल्टअप आणि तो थोर सुपर बिल्टअप, ज्यात जिना, बाग आणि बिल्डरची कल्पनाशक्ती समाविष्ट असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विक्री कार्पेट क्षेत्रावर आणावी लागली ती याचसाठी. न्यूयॉर्कमध्येही कचेरीच्या भाड्याचे चौरस फूट प्रत्यक्षाहून फुगलेले असतात. म्हणजे भाडे आकारताना जागा मोठी, कर भरताना लहान, आणि ऊर्जेचा हिशेब देताना पुन्हा मोठी. कारण छेद मोठा झाला की इमारत काटकसरी दिसते! त्या वहीची व्याख्या बाहेरच्या भिंतीपासून मोजावयास सांगते, जिने व उद्वाहकाच्या विहिरी धरावयास सांगते आणि वाहनतळ वगळावयास सांगते. पालिकेच्या करखात्यातील क्षेत्रफळाशी हे ताडून पाहिले म्हणजे झाले. आमच्या विषयात एक जुनी चाल आहे: अंशावर वाद घालणाऱ्याने आधी छेद तपासावा.

परिणामाविषयीही तारतम्य ठेवले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये सातत्याने अहवाल देणाऱ्या इमारतींचा ऊर्जावापर २०१० ते २०१५ या काळात सुमारे दहा टक्क्यांनी घटला. हे श्रेय एकट्या मोजणीला द्यावयास मी तयार नाही. त्याच सुमारास शहराने सर्वांत जड व घाणेरडे तापणतेल बंद करविले. शिवाय जो सातत्याने अहवाल देतो तो मुळातच थोडा शिस्तीचा मालक असतो. अहवाल न देणाऱ्यास दंड होता तिमाहीला पाचशे डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त दोन हजार. मॅनहॅटनमधील गगनचुंबी इमारतीच्या मालकाला ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च.

म्हणूनच पुढचे पाऊल आवश्यक ठरले. त्या शहराच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे दोन तृतीयांश इमारतींमधून येतात. २०१९ साली कायदा क्रमांक ९७ झाला: २०२४ पासून मोठ्या इमारतींच्या उत्सर्जनाला मर्यादा, २०३० पासून अधिक कडक, आणि मर्यादेवरील प्रत्येक टनास वर्षाला २६८ डॉलर दंड. हा दंड चहापाण्याचा नाही. मालकांच्या बाजूने न्यायालयात जाऊन झाले. तरी कायदा टिकला. परंतु माझे म्हणणे असे, की २०१९ चा कायदा २००९ च्या वहीवर उभा आहे. दहा वर्षांची बेरीज हाती नसती तर मर्यादा किती ठेवावयाची हे शहराने कशावरून ठरविले असते? आधी वही, मग मर्यादा, असा तो क्रम होता. जे आज ‘केवळ मोजून काय होणार’ म्हणून हिणवतात, त्यांनी हा क्रम पाहावा.

आपला खरा झगडा येथून पुढे सुरू होतो. खर्च कोणाचा? बॉयलर बदलला, भिंतींना आवरण घातले, तर खर्च मालकाचा आणि बिलातली बचत भाडेकरूची. म्हणून मालक हात बांधून बसतो. त्याला हलवावयाचे म्हणून खर्च भाड्यात मिळवण्याची मुभा दिली, की भाडेकरू मेला. न्यूयॉर्क राज्यात भाडेनियंत्रित घरांच्या बाबतीत नेमकी ही मुभा होती: मोठी सुधारणा दाखवा आणि भाडे वाढवा. भाडेकरूंच्या संघटना वर्षानुवर्षे त्याविरुद्ध लढल्या. २०१९ च्या राज्य कायद्याने अशा वाढीची वार्षिक कमाल मर्यादा सहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आली, आणि पूर्वी कायमची असणारी वाढ तीस वर्षांनी काढून टाकण्याचे ठरले. शहराच्या उत्सर्जन-कायद्यानेही अशा पुष्कळ इमारतींना वेगळी वाट दिली: मोठे खर्च नकोत, गळत्या बंद करा, वाफेच्या पाइपांना आवरण घाला, उष्णतेचे नियंत्रक बसवा. हे कोणा प्रशासकाच्या औदार्यातून झाले नाही. भाडेकरू संघटित होते म्हणून झाले. आपल्याकडे असा कायदा उद्या आला आणि त्या वेळी भाडेकरू संघटित नसले तर, मित्रहो, पर्यावरणाच्या नावाने चाळी रिकाम्या करण्याचा आणखी एक मार्ग मोकळा होईल. पुनर्विकासाचा अनुभव असलेल्यांना मी हे अधिक सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे कायदे अगदीच नाहीत असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो आहे. शीतकपाटावरील तारे आपण सर्व जाणतो, तसेच तारे कचेऱ्यांच्या इमारतींनाही २००९ पासून मिळू शकतात. पण ते ऐच्छिक आहेत. परीक्षा ऐच्छिक ठेवली की परीक्षेला कोण बसतो हे शिक्षकाला विचारा! इमारतींसाठी २००७ सालची ऊर्जासंहिता आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तिचा आवाका निवासी इमारतींपर्यंत नेण्याची तरतूद झाली. मात्र संहितेची नजर प्रामुख्याने बांधणीच्या नकाशावर आहे. इमारत उभी राहिल्यावर ती दर वर्षी काय जाळते, हे पत्त्यानिशी जनतेपुढे मांडण्याची न्यूयॉर्कसारखी सक्ती आपल्या शहरांत नाही. मुंबई महापालिकेने २०२२ साली वातावरण कृती आराखडा जाहीर केला. त्यात शहराच्या उत्सर्जनाचा सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा इमारतींतील व इतर स्थिर ऊर्जावापराचा, म्हणजे मुख्यतः विजेचा आहे. २०५० चे उद्दिष्टही त्यात आहे. पण नरिमन पॉइंटवरील वा वांद्रे-कुर्ला संकुलातील कोणती इमारत किती घेते, हे नागरिकाने कोठे वाचावे?

आपली मागणी म्हणून अगदी साधी आहे, आणि ती मालकांच्या विरुद्ध आहे असेही नाही. वीजकंपन्यांनी, त्या दोन असोत वा तीन, प्रत्येक मोठ्या इमारतीची बेरीज विनाशुल्क द्यावी. पालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात एक मेज असावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील व अभियांत्रिकीच्या मुलांना तेथे मानधनावर बसवावे, आणि सोसायटीचा खजिनदार पिशवी घेऊन आला तर त्याला वही भरून द्यावी. आरंभ सरकारी व पालिकेच्या इमारतींपासून करावा. मंत्रालयाच्या दाराशी कोणते अक्षर लागते ते प्रथम पाहू. आणि या हिशेबाच्या नावाने भाड्यात एक पैसा वाढवावयाचा असेल तर भाडेकरूंच्या संघटनेला आधी कागद दाखवावे लागतील, असे कलम पहिल्याच मसुद्यात असावे. नंतर ते घालू म्हटले की ते कधीच येत नाही.

माझ्या तरुण मित्राला आता एक काम सांगतो. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या इमारतीच्या, कचेरीच्या किंवा ज्या कॉलेजात आपण शिकवता त्या कॉलेजाच्या सामाईक मीटरची मागील बारा महिन्यांची बिले आणावीत. रुपये नकोत, युनिटे. बिले मिळाली नाहीत, तर कोणी व का दिली नाहीत ते लिहून आणावे. क्षेत्रफळही आणा, ते कोणते धरावयाचे यावर आपले भांडण होईल, ते येथेच मिटवू.